पहिलं पाणी अर्धं

काटोल तालुक्यातल्या एका गावात पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी होती. तिच्या नावाची गरज नाही. अशा पोरी आता विदर्भातल्या गावागावांत आहेत. पहाटे चारला डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. अंगात भावाचा जुना टी-शर्ट, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात कुत्र्यांसाठी काडी.

भरतीचं गणित असं: मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मैदानात मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत काढले की २० पैकी २० गुण. होळीच्या सुमारास पोरीची वेळ होती ३ मिनिटं २ सेकंद. बारा सेकंद तोडायचे होते.

तिने कुणीही केलं असतं तेच केलं. सकाळच्या धावण्याला संध्याकाळच्या धावण्याची जोड दिली. अंग हलकं झालं तर पाय भरभर उचलतील म्हणून रात्रीची एक पोळी सोडली, मग दुसरीही. मोबाइलवर कुणीतरी रोज १०८ सूर्यनमस्कार घालताना दिसलं, तेव्हा दुपारी टिनाखालच्या खोलीत तेही सुरू झाले. कूलर मुद्दाम बंद ठेवून, म्हणजे घाम जास्त निघेल. योगाने शरीर शांत होतं असं ती ऐकून होती, पण तिच्या वाट्याला आलेला योग हा दिवसातला तिसरा व्यायामच होता. पाडव्याला वेळ आली ३ मिनिटं ४ सेकंद. अक्षय तृतीयेला ३ मिनिटं ९.

आपल्याकडे अशा वेळी सगळीकडून एकच सल्ला मिळतो: मेहनत कमी पडते आहे. हा सल्ला देणाऱ्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही, म्हणूनच तो इतका टिकून राहिला असावा. पोरीने तो मनापासून घेतला आणि पहाटेचा गजर साडेतीनचा लावला.

गावच्या समाजमंदिरात उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला योगाचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम तालुक्याच्या शाळेतून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. वर्गाला येणाऱ्या बहुतेक बाया पन्नाशीच्या पुढच्या. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाला नुसता घराबाहेर पडण्याचा बहाणा. पोरगी तिथे गेली ती मांडीच्या मागची शीर मोकळी करून घ्यायला. पाऊल लांब पडलं तर एखादा सेकंद सुटेल, हा हिशोब.

मॅडमनी तिला दहा मिनिटं नुसतं चालू दिलं. मग भिंतीकडे बोट दाखवलं.

“इथं झोप. पाय वर.”

विपरीत करणी. गोधडीची चौपदरी घडी भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवलेली, तिच्यावर कंबर, भिंतीला टेकलेले सरळ पाय, दोन्ही हात बाजूला उताणे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, विटा, पट्टे, खुर्च्या, दोर हे सगळं आसनांच्या मदतीला आणलं आणि ती पद्धत जगभर गेली. मॅडमकडे विकत घेतलेलं यातलं काहीच नव्हतं. गोधड्या घरच्या, पट्ट्याच्या जागी ओढणी, आणि विटा समाजमंदिराचा ओटा बांधताना उरलेल्या, कडा टोचू नयेत म्हणून जुन्या उशीच्या खोळीत घातलेल्या. मॅडमनी ओला पंचा पिळून पोरीच्या डोळ्यांवर ठेवला.

मिनिटभराने तिचा उजवा अंगठा हलायला लागला. मग टाच भिंतीवर ठोके देऊ लागली. पंचाखाली डोळे टक्क उघडे.

“किती वेळ, मॅडम?”

“झालं की सांगते.”

“पण किती मिनिटं?”

“तुले कुठं जायचं आहे का, बाई?”

तिला कुठेच जायचं नव्हतं. तरी ती उठली, चप्पल घातली आणि निघाली. वाटेत मैत्रीण भेटली, तिला म्हणाली, “म्हाताऱ्या बायांचा क्लास आहे वं तो. झोपवते नुसती.” सलग तासभर धावू शकणाऱ्या पोरीला दहा मिनिटं पडून राहता आलं नाही, हे त्या दिवशी दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

मे अर्धा सरला. पारा पंचेचाळीसला टेकला, आणि त्याहून वाईट म्हणजे रात्रीही उतरेना. विदर्भात राहिलेल्या माणसाला माहीत असतं की उन्हाळा दुपारचा जेवढा छळतो त्याहून जास्त रात्रीचा छळतो. गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकल्या तरी दोन वाजेपर्यंत सिमेंट तापलेलंच असतं. अशा हवेत हृदयाला दोन कामं एकदम करावी लागतात. धावणाऱ्या पायांना रक्त द्यायचं आणि अंग निववण्यासाठी कातडीलाही द्यायचं. म्हणून तोच रस्ता, तोच वेग, पण नाडी मात्र जास्त पळते. शरीर उन्हाला सरावतं, दहा-पंधरा दिवसांत बऱ्यापैकी सरावतं. पण त्यासाठी पाणी, मीठ, जेवण आणि झोप लागते. पोरीकडे यातलं फक्त ऊन होतं.

एका संध्याकाळी, त्रेचाळीस अंशांत, धावता धावता तिच्या हातांवर काटा उभा राहिला. थंडी वाजली. ती नाल्यावरच्या रपट्यावर बसली, आणि बराच वेळ तिला उठताच येईना. घरी कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर झाला, बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तशीच बसून राहिली. साडेपाचला समाजमंदिराच्या दारात जाऊन उभी राहिली.

मॅडमनी तिला आसन सांगितलं नाही, प्रश्न विचारले. झोप किती लागते? रात्री काय जेवली? आणि मग आवाज खाली आणून, “पाळी कधी आली होती?”

“दोन महिने झाले, मॅडम. बरंच आहे ना, धावायला मोकळं.”

मॅडमनी वर्ग दुसऱ्या बाईच्या हवाली केला आणि पहिल्या बसने पोरीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. योग शिकवणाऱ्या माणसाने नेमकं इथे थांबायला हवं, आणि बरेच जण थांबत नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक आसन असतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि एवढं धावणाऱ्या मुलीने एवढंसं खाल्लं तर शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं ठिसूळ करू लागतं, हे नंतर तिच्या आईलाही बोलावून समजावलं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या वेळी उन्हात पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले होते, आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं, हेही त्यांनी सांगितलं. पोरीला ते ठाऊक नव्हतं. तिच्या मोबाइलवर निवड झालेल्यांचेच व्हिडिओ यायचे.

शेवट काय झाला म्हणून घाईत असलेल्या वाचकासाठी इथेच सांगून टाकतो. जूनच्या चाचणीत तिने ८०० मीटर २ मिनिटं ५६ सेकंदांत काढले. पूर्ण गुण हुकले. यादीत नाव लागलं ते लेखीच्या जोरावर. आता सावकाश पुढे जाऊ, कारण गोष्ट मधल्या चार आठवड्यांची आहे.

मॅडमनी धावणं बंद केलं नाही. मला त्यांचं हेच पटतं. पहिला आठवडा नुसतं चालणं. मग एक दिवसाआड धावणं, तेही फक्त पहाटे, सूर्य वर यायच्या आत आटोपायचं. आठवड्यातून एकच दिवस घड्याळ लावून जोरात. १०८ सूर्यनमस्कारांचे झाले सहा, प्रत्येक स्थितीत पूर्ण श्वास. दुपारी टिनाखाली काही नाही; दुपारी झोपायचं. पोरगी म्हणाली, दिवसा झोपणं वाईट असते ना? मॅडम म्हणाल्या, एरवी आयुर्वेद नाहीच म्हणतो, पण उन्हाळ्यात दिवसा झोपायला त्यानेच मुभा दिली आहे. रात्र लहान असते आणि सूर्य माणसातलं बळ ओढून घेत असतो, म्हणून.

“आणि व्यायामाचं काय म्हणतो?”

“वाग्भट म्हणतो, थंडीत आणि वसंतात, तेही धडधाकट, तूपदूध खाणाऱ्या माणसाने, अर्ध्या शक्तीने करावा. बाकीच्या दिवसांत त्याहून कमी.”

“अर्धी कशी समजायची, मॅडम? मीटर असते का?”

“सुश्रुताने सांगून ठेवलं आहे. तोंडाने श्वास घ्यावा लागला की समज, अर्धी संपली.”

पोरगी हसली. तिच्या हिशोबात तोंडाने श्वास सुरू झाला की तिथून खरा सराव सुरू होत होता. मॅडमही हसल्या. ८०० मीटर नाकाने श्वास घेत काढता येत नाहीत हे त्यांनाही कळत होतं. शाळेच्या मैदानावर आयुष्यभर त्यांनी हातात शिट्टी धरली होती. “आठवड्यातून एक दिवस तोंडाने घे,” त्या म्हणाल्या. “सहा दिवस सुश्रुताचं ऐक.”

वर्गात तिच्यासाठी वेगळं काही नव्हतं. बाया करत तेच. लोडावर पाठ टेकून तळपाय एकमेकांना जोडायचे, गुडघे दोन्हीकडे सोडून द्यायचे, त्यांच्याखाली उशा: सुप्त बद्धकोनासन. मग कमरेखाली वीट उभी न ठेवता आडवी ठेवून सेतुबंध. मग पाय भिंतीवर. मग शीतली: जिभेची पन्हाळी करून तिच्यातून हवा आत ओढायची, तोंड मिटायचं, नाकाने सोडायची. पोरीची जीभ काही केल्या वळेना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंची मात्र झटकन वळली आणि त्या दिवसभर खूश होत्या. मॅडमनी पोरीला सीत्कारी दिली, दातांच्या फटीतून श्वास. हठयोगप्रदीपिकेत दोन्ही शेजारी शेजारीच येतात. भस्त्रिका आणि सूर्यभेदन हे दोन्ही अंगात उष्णता वाढवणारे, म्हणून मृगाचा पाऊस येईपर्यंत कपाटात.

शेवटी शवासन, आणि खरी लढाई इथे होती. पहिले काही दिवस ती पडल्या पडल्या मनात सेकंद मोजायची. चेहऱ्यावरून ते कळायचं, ओठ हलायचे. मॅडमनी तिच्या पोटावर अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी ठेवली. “मोजायचंच असेल तर ही किती वेळा वर जाते ते मोज.” पुरचुंडी आधी घाईने वरखाली होत होती. आठवडाभराने ती सावकाश जाऊ लागली, आणि एका सकाळी पोरगी मोजता मोजता घोरली. वर्ग फिसकन हसला. मॅडमनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बाहेर जायला लावलं.

याच सुमारास घरच्या बागेत दुसरंच काही चाललं होतं. बापाची तीन एकर संत्र्याची बाग. तो मृग बहार धरायचा, म्हणजे मृगाच्या पावसाला येणारी फुलं. फेब्रुवारी-मार्चात संत्री तोडून झाली की एप्रिलच्या मध्याला बागेचं पाणी तोडायचा, झाडांना ताण द्यायचा. भारी काळी जमीन, म्हणून दीड-दोन महिने. मेअखेर, नवतपा लागला की, झाडांकडे बघवत नाही. पानं पिवळट होऊन पन्हाळीसारखी वळतात, काही गळतात, फांद्या खाली येतात. आणि पन्नास पावलांवर विहीर; तिच्यात पाणी आहे, मोटर आहे, ठिबकची नळी झाडाच्या बुंध्यापर्यंत गेलेली आहे.

पोरीला आता संध्याकाळी धावायला जायचं नव्हतं, तर ती बापासोबत बागेत जायची. तिच्याने राहवेना.

“बाबा, पानी सोडू का थोडंसं? मरून राह्यले झाडं.”

“मरत नाही. आराम करून राह्यले.”

“हा कोनता आराम?”

बापाने एक पान तोडून तिच्या हातावर ठेवलं. बोटांनी चुरून बघायला लावलं. कडेला वाळलेलं, पण मधल्या शिरेशी अजून मऊ. “इथवर कोरडं झालं का मंग पायतो. आता पानी देल्लं त नुसती पालवी फुटन. फूल नाही यायचं.”

शेजारच्या बागेकडे तिने बघितलं. ती हिरवीगार होती. तिथे पाणी कधी तोडलंच जात नव्हतं. आंबिया बहारही घेत, मृगही घेत. दोन वर्षांत त्या घरात गाडी आली, पत्रे जाऊन स्लॅब आला, आणि गावाने बापाला आळशी म्हटलं. तिसऱ्या वर्षापासून त्या झाडांच्या शेंड्यांना सल दिसायला लागली, वाळक्या काटक्यांचा झुपका हिरव्यातून वर आलेला. रस्त्यावरून सगळं हिरवं दिसायचं. जवळ गेलं की कळायचं.

“पन बाबा, झाडाले परीक्षा नसते. मले तारीख आहे.”

“त्याले बाजार असते,” बाप म्हणाला. “त्याची तारीख मार्चात आहे. अन् थो कोनासाठी थांबत नाही.”

यावर पोरगी काही बोलली नाही. पण घरी येऊन तिने मोबाइलमधला साडेतीनचा गजर काढला आणि पाचचा लावला. आईने त्या रात्री तिसरी पोळी विचारली नाही, वाढलीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला एकदम बरं वाटू लागलं. सकाळी उठल्यावर पाय हलके, जिना चढताना धाप नाही. लागलीच तिने मॅडमना विचारलं, आज दोनदा काढते ना ८००, घड्याळ लावून? मॅडम म्हणाल्या, तुझा दिवस शनिवारी आहे. आज मंगळवार आहे. पोरगी नाराज होऊन घरी आली. आता अंगात ताकद आहे आणि ती वापरायची नाही, हे तिला आजारी असण्याहून जड जात होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी बापाने ताण तोडला. मोटर चालू झाली, नळ्या फुगल्या, बुंध्याशी माती काळी पडायला लागली. सुकलेल्या जमिनीत पाणी मुरतानाचा बारीक सूं-सूं आवाज येतो, तो तिने वाकून ऐकला. अर्ध्या तासात बापाने मोटर बंद केली.

“एवढंच? विहीर भरून आहे ना!”

“पह्यलं पानी अर्धं. एकदम पाजलं त झाड बावचळते.” मग चावी खिशात टाकत, “चार दिवसानं पुरं देऊ.”

शनिवारी तिने एकच ८०० काढलं. मॅडमच्या हातात घड्याळ होतं. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि तिला दाखवला नाही. पोरीनेही मागितला नाही. मॅडमना याचं जास्त आश्चर्य वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

(जूनच्या एकवीस तारखेबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१५ पासून त्या दिवशी जागतिक योग दिन असतो. गावच्या समाजमंदिरात कार्यक्रम होतो, मंडप, स्पीकर, एकाच रंगाच्या चटया. त्यामुळे त्या एका दिवशी मॅडमचा वर्ग बंद असतो.)

मैदानाची तारीख आली. पोरगी आदल्या दिवशी नागपूरला मामाकडे गेली. तिच्याबरोबर तयारीतल्या आणखी तिघी. एका खोलीत चौघी, कोपऱ्यात कूलर. रात्री जो पाऊस लागला तो पहाटेपर्यंत. मैदानावर पोचल्या तर ट्रॅकवर घोट्याएवढा चिखल, आणि चाचणी पुढे ढकलल्याची सूचना. नवी तारीख चार दिवसांनी.

हजारभर उमेदवार तिथेच उभे होते. कुणी गावी फोन लावत होतं, कुणाकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते, आणि कित्येक जण, काय करावं न सुचून, बाहेरच्या रस्त्यावर धावायला लागले होते. तिघी मैत्रिणींनीही बूट आवळले. चार दिवस फुकट कसे घालवायचे? सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ काढू, मामाच्या घरामागे मोकळं मैदान आहे. त्या गेल्या. तासाभराने भिजून, चिखलाने माखून परत आल्या तेव्हा पोरगी मामाच्या खोलीत जमिनीवर पडलेली होती. कमरेखाली मामीची दुमडलेली सतरंजी, पाय कॅलेंडरच्या खाली भिंतीला टेकलेले, डोळ्यांवर ओला रुमाल.

“काऊन वं,” एक जण दारातूनच ओरडली, “तू सराव नाही करत?”

“करून राह्यली ना,” रुमालाखालून उत्तर आलं. “दार लाव. हवा येते.”